संगीत दौऱ्यांची ट्रकवाहतूक

संगीत दौऱ्यांची ट्रकवाहतूक म्हणजे गायक-वादकांच्या फिरत्या कार्यक्रमांना लागणारी ध्वनियंत्रणा, दिवे, पडदे, वाद्ये व रंगमंचाचे सुटे भाग एका कार्यक्रमस्थळाहून दुसऱ्या कार्यक्रमस्थळी ठरल्या वेळी पोचवण्याचा व्यवसाय होय. युरोप व उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हा मालवाहतुकीचा एक स्वतंत्र उपव्यवसाय बनला. दोन शहरांमधील शेकडो किलोमीटरांचा महामार्ग यात तुलनेने सोपा असतो. खरी अडचण शेवटच्या काही मीटरांत येते. नाट्यगृहामागचा बोळ, कालव्याकाठचा दगडी रस्ता, डोंगरातील चढण किंवा एकावेळी एकच ट्रक मावेल असा मालधक्का, अशा जागी सोळा मीटरांहून लांब वाहन नेमके नेऊन लावणे हे या चालकांचे विशेष कौशल्य मानले जाते. कार्यक्रमाची वेळ आधीच जाहीर झालेली असते व तिकिटे विकली गेलेली असतात. त्यामुळे इतर मालवाहतुकीत चालून जाणारा अर्ध्या दिवसाचा उशीर येथे चालत नाही.

== पार्श्वभूमी ==

१९६० च्या दशकात बहुतेक वाद्यवृंद आपले सामान एखाद्या लहान व्हॅनमधून नेत. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांपर्यंत गाणे पोचवण्यासाठी स्टेडियमच्याच ध्वनिक्षेपकांचा आधार घ्यावा लागला होता आणि श्रोत्यांच्या आरोळ्यांत गाणे जवळजवळ ऐकूच आले नाही. पुढील दहा वर्षांत ही स्थिती पूर्ण पालटली. ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाने १९७४ मध्ये वापरलेली ‘वॉल ऑफ साउंड’ ही ध्वनियंत्रणा सुमारे ७५ टनांची होती व ती नेण्यास चार मोठे ट्रेलर लागत. तिच्यासाठी मचाणांचे एकाहून अधिक संच ठेवलेले असत. एका गावी कार्यक्रम चालू असताना दुसरा संच पुढच्या गावी उभा होत असे. त्याच सुमारास लंडनमध्ये एडविन शर्ली ट्रकिंग ही केवळ संगीत दौऱ्यांचे काम घेणारी कंपनी सुरू झाली.

आगाऊ संच उभारण्याची ही पद्धत पुढे मोठ्या दौऱ्यांत रूढ झाली. यू-टू या आयरिश वाद्यवृंदाच्या २००९ ते २०११ मधील ‘३६०°’ दौऱ्यात पोलादी रंगमंचाचे तीन संच आलटून पालटून वापरले गेले आणि एकूण सुमारे १२० ट्रक लागले.

सामान वाढले, पण सभागृहे मात्र जुनीच राहिली. यातील कित्येक इमारती मोटारगाडीचा शोध लागण्यापूर्वीच्या आहेत. त्यांच्या मागील दारांची रुंदी घोडागाडीच्या हिशेबाने ठरलेली होती. या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

== वाहनाची मापे व वळण ==

युरोपीय संघात सामान्य परवान्यावर चालणाऱ्या जोडट्रकची, म्हणजे पुढची ओढणारी गाडी व तिला सांध्याने जोडलेला ट्रेलर यांची, एकत्र लांबी १६.५ मीटर, रुंदी २.५५ मीटर व उंची ४ मीटर या मर्यादेत असावी लागते. असे वाहन १२.५ मीटर बाह्य त्रिज्या व ५.३ मीटर आंतरिक त्रिज्या असलेल्या कड्यात वळू शकले पाहिजे, असाही नियम आहे. याचा अर्थ असा की वळताना वाहन सात मीटरांहून अधिक रुंदीचा पट्टा व्यापते. जुन्या शहरांतील पुष्कळ गल्ल्यांची रुंदी याच्या निम्मीही नसते. अमेरिकेत ट्रेलरच ५३ फुटांचा (सुमारे १६.१५ मीटर) असतो. त्यात पुढच्या गाडीची लांबी मिळवली की एकूण लांबी वीस मीटरांच्या पुढे जाते.

वळताना ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, तर कोपरा आतून कापतात. म्हणून अनुभवी चालक डावीकडे वळण्यापूर्वी गाडी आधी उजवीकडे नेतो. पाहणाऱ्याला हे उलट वाटते. सायकलस्वार किंवा पादचारी त्या मोकळ्या झालेल्या आतल्या जागेत शिरला, तर चालकाला तो दिसेलच याची खात्री नसते. लंडनमध्ये १२ टनांहून जड वाहनांना ‘डायरेक्ट व्हिजन स्टँडर्ड’ या योजनेखाली परवाना घ्यावा लागतो, तो या धोक्यामुळेच. केबिनच्या काचांमधून चालकाला थेट किती दिसते यावर वाहनाला शून्य ते पाच तारे दिले जातात. २८ ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे, अथवा त्याऐवजी कॅमेरे व संवेदकांची विहित सुरक्षायंत्रणा, आवश्यक झाली आहे.

उंचीचा प्रश्न वेगळाच आहे. ब्रिटनमध्ये १६ फूट ६ इंचांहून (५.०३ मीटर) कमी उंचीच्या पुलांवर उंचीची पाटी लावलेली असते. मोटारींसाठी बनवलेले मार्गदर्शक नकाशे मात्र ट्रकची उंची विचारात घेत नाहीत. बॉस्टन शहरातील स्टोरो ड्राइव्ह या नदीकाठच्या रस्त्यावरील ठेंगण्या पुलांत ट्रक अडकण्याचे प्रकार इतके नेहमीचे आहेत की तेथील बोलीत त्यासाठी रस्त्याच्या नावावरून एक क्रियापदच तयार झाले आहे.

== ट्रक मागे घेणे ==

मालधक्क्याला ट्रकची मागची बाजू लावायची असल्याने जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमस्थळी वाहन रिव्हर्समध्ये न्यावे लागते. जोडट्रक मागे घेण्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. ट्रेलरचे बूड ज्या बाजूला न्यायचे असेल, त्याच्या विरुद्ध बाजूला स्टिअरिंग फिरवायचे आणि ट्रेलर वळू लागताच पुढच्या गाडीने त्याच्या मागे जाऊन वळण सरळ करायचे. हे अंगवळणी पडायला मात्र वर्षे लागतात. सुधारणा करण्यास क्षणभर उशीर झाला तर दोन भागांमधील कोन वाढत जातो आणि वाहन चाकूसारखे मिटते. मग पुन्हा पुढे जाऊन नव्याने सुरुवात करणे एवढाच मार्ग उरतो. मागे वाहनांची रांग लागलेली असताना पुन्हा पुढे जाण्याचा निर्णय शांतपणे घेणे हेही कौशल्यच आहे. घाईने कोन दामटणारे चालक भिंतीला घासतात.

चालक ज्या बाजूला बसतो त्या बाजूला वळत मागे जाणे सोपे असते, कारण त्याला स्वतःच्या आरशात व खिडकीतून ट्रेलरची संपूर्ण कड दिसते. विरुद्ध बाजूला वळत मागे जाताना तो जवळजवळ आंधळा होतो. म्हणून कार्यक्रमस्थळाकडे कोणत्या दिशेने यायचे, हे बोळात शिरण्याच्या कितीतरी आधी ठरवावे लागते. ब्रिटिश ट्रकचे स्टिअरिंग उजवीकडे व युरोपातील बहुतेक इतर देशांतील ट्रकचे डावीकडे असते. एकाच ताफ्यात दोन्ही प्रकारचे ट्रक असतील, तर एकाला सोयीची असलेली दिशा दुसऱ्याला गैरसोयीची ठरते.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाच्या माहितीनुसार कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू वाहन मागे घेताना होतात. कार्यक्रमस्थळाचा बोळ अंधारा असतो, जनरेटरचा आवाज असतो आणि माल ढकलणारे लोक सतत ये-जा करत असतात. यासाठी मागे एक प्रशिक्षित इशारेकरी उभा केला जातो. तो हातवाऱ्यांनी किंवा बिनतारी संचावरून सूचना देतो. तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने तत्काळ थांबावे, हा या कामातील सर्वांत कडक संकेत आहे. भारतीय वाचकास येथे ट्रकच्या मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत पत्र्यावर थाप मारणारा क्लीनर आठवेल. काम तेच आहे. फरक एवढाच की पाश्चात्त्य ट्रकवर क्लीनर नसतो, आणि परगावच्या अनोळखी माणसाच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवायचा की खाली उतरून स्वतः पाहायचे, हे चालकाला दर वेळी ठरवावे लागते. जुने चालक खाली उतरून पाहतात.

== माल चढवण्या-उतरवण्याचा क्रम ==

दौऱ्यावरील सामान चाके लावलेल्या मजबूत पेट्यांत भरलेले असते. या पेट्यांची मापे ट्रकच्या आतील रुंदीवरून ठरलेली आहेत. ट्रेलरची आतील रुंदी सुमारे २.४५ मीटर असते, म्हणून ६० सेंटिमीटर रुंदीच्या चार पेट्या किंवा ८० सेंटिमीटरच्या तीन पेट्या एका ओळीत घट्ट बसतात. कोणती पेटी कोणत्या ट्रकमध्ये, कितव्या ओळीत, हे दौऱ्याच्या प्रारंभी ठरते व शेवटपर्यंत सहसा बदलत नाही.

सभागृहात प्रथम छताला टांगावयाचे सामान, म्हणजे साखळीचे विद्युत उच्चालक व ॲल्युमिनियमच्या कैच्या, लागते. त्यानंतर दिवे, ध्वनियंत्रणा, पडदे आणि सर्वांत शेवटी वाद्ये लागतात. कार्यक्रम संपल्यावर क्रम उलटतो. वाद्यांचा ट्रक आधी भरून निघतो आणि टांगणीचा ट्रक सर्वांत शेवटी सुटतो. सकाळी सर्वांच्या आधी पोचावयाचा ट्रक रात्री सर्वांच्या नंतर निघणार, ही या व्यवसायातील कायमची कुचंबणा आहे. जेथे मालधक्क्यावर सहा-आठ ट्रक एकदम लागतात, तेथे या क्रमाने फारसे बिघडत नाही. जेथे एकाच ट्रकची जागा असते आणि बोळ आंधळा असतो, तेथे एखादा ट्रक चुकीच्या क्रमाने आत शिरला की मागचे सगळे बाहेर काढून पुन्हा लावावे लागतात.

ट्रकचे बूड जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटर उंच असते. धक्का तेवढ्याच उंचीचा असेल तर पेट्या सरळ आत ढकलता येतात. अन्यथा उतरंडीचा पत्रा लावावा लागतो. रस्ता आधीच उताराचा असेल तर तो पत्रा धोकादायक होतो, कारण दोन-तीनशे किलोंची पेटी हातातून सुटली तर ती खालच्या माणसावर जाते. ट्रक जवळ येऊच शकत नसेल तर माल दूरच्या मोकळ्या जागी उतरवून लहान वाहनांतून खेपा घातल्या जातात. यात वेळ व मनुष्यबळ जवळजवळ दुप्पट लागते. अमेरिकेतील काही शहरांत ट्रकमध्ये चढून माल रचण्याचे काम कामगार संघटनांच्या करारानुसार टीमस्टर्स संघटनेच्या सदस्यांकडेच असते. तेथे चालक फक्त पाहू शकतो.

== काही अवघड कार्यक्रमस्थळे ==

लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये खुला झाला. इमारत लंबवर्तुळाकार असल्याने तिला ‘मागची बाजू’ अशी नाही. १९९६ ते २००४ या काळातील नूतनीकरणात दक्षिणेकडील पायऱ्यांखाली जमिनीत मालधक्का खोदण्यात आला. त्यामुळे सभागृहाभोवतीच्या रस्त्यावर चालणारी मालाची चढउतार भूमिगत झाली. जुन्या इमारतीचे बाह्यरूप न बिघडवता प्रवेशाचा प्रश्न सोडवण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. इतका खर्च सर्वांना परवडत नाही, हेही खरे.

न्यू यॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन १९६८ मध्ये पेन्सिल्व्हेनिया रेल्वे स्थानकाच्या वर बांधले गेले. खाली फलाट व रूळ असल्याने त्याची मुख्य रंगभूमी पाचव्या मजल्याच्या पातळीवर आहे आणि माल रस्त्यावरून चढणीने तेवढ्या उंचीवर न्यावा लागतो. ग्लासगोचे बॅरोलँड हे नृत्यगृहही (१९३४ मध्ये स्थापन, १९५८ च्या आगीनंतर १९६० मध्ये पुन्हा सुरू) वरच्या मजल्यावर आहे. ध्वनीच्या गुणवत्तेमुळे कलावंतांना ते अतिशय प्रिय आहे. माल वाहणाऱ्यांना ते तितके प्रिय असण्याचे कारण नाही.

ॲमस्टरडॅमचे पॅराडिसो १९६८ पासून एका जुन्या प्रार्थनागृहात चालते. समोरून ट्राम जाते व शेजारी कालवे आहेत. या शहराच्या जुन्या भागात ७.५ टनांहून जड वाहनांना विशेष परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. कारण केवळ गर्दीचे नाही. कालव्यांच्या काठच्या भिंती लाकडी खांबांवर उभ्या असून त्या कमकुवत झाल्या आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठाजवळच्या ग्रिमबुर्गवाल येथील अशीच एक भिंत पाण्यात कोसळली. अशा ठिकाणी चालकापुढे आपला ट्रक मावेल का याबरोबरच खालची जमीन तो पेलेल का, हाही प्रश्न असतो.

इटलीतील व्हेरोनाच्या रोमन रंगमंडलात १९१३ पासून ऑपेरा महोत्सव भरतो. प्राचीन कमानींतून आत जाऊ न शकणारे प्रचंड देखावे बाहेरच्या पियाझ्झा ब्रा या चौकात ठेवले जातात आणि क्रेनने भिंतींवरून आत उतरवले जातात. व्हेनिसमध्ये तर ट्रकचा प्रवास शहराच्या वेशीवरच संपतो व पुढे सर्व माल नावांतून जातो. पिंक फ्लॉइडचा १५ जुलै १९८९ चा कार्यक्रम सान मार्को चौकासमोर पाण्यावर तरंगत्या मंचावर झाला. प्रवेशमार्गाचे महत्त्व या शहराला १९९६ मध्ये वेगळ्या रीतीने कळले. ला फेनिचे हे नाट्यगृह पेटले, तेव्हा जवळचे कालवे सफाईसाठी कोरडे केलेले असल्याने अग्निशमन नौका तेथवर पोचू शकल्या नाहीत.

आयर्लंडमधील स्लेन किल्ल्याच्या आवारात १९८१ पासून मोठे कार्यक्रम होतात व एका वेळी ८० हजार श्रोते मावतात. गावात येणारा एक रस्ता तीव्र उतारावरून बॉयन नदीवरील जुन्या अरुंद पुलावर येतो. हा उतार प्राणघातक अपघातांमुळे कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोचे रेड रॉक्स (१९४१) समुद्रसपाटीपासून सुमारे १,९६० मीटर उंचीवर, दोन प्रचंड खडकांच्या मधोमध आहे. तेथे डोंगरी वळणांच्या रस्त्याने जावे लागते आणि वसंत व शरद ऋतूंत बर्फाचीही शक्यता असते.

== विश्रांती, रात्र व कायदा ==

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीनुसार ट्रकचालकाला दिवसातून ९ तास (आठवड्यातून दोनदा १० तास) वाहन चालवता येते. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबणे बंधनकारक असते व रोज ११ तासांची विश्रांती आवश्यक असते. ही विश्रांती आठवड्यातून तीन वेळा ९ तासांपर्यंत कमी करता येते, पण ती अखंड असावी लागते. सगळी गुंतागुंत या ‘अखंड’ शब्दात आहे.

समजा, रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकाने सकाळी साडेदहाला ट्रक रिकामा करून झोप घेतली. रात्री साडेनऊला त्याचे ११ तास पुरे होतात आणि ११ वाजता माल परत भरण्यासाठी तो ताजातवाना असतो. पण सभागृहाजवळ ट्रक उभा करण्यास जागा नसेल आणि दुपारी चार वाजता पोलिसांनी किंवा व्यवस्थापकाने तो हलवायला सांगितला, तर अवघ्या पंधरा मिनिटांच्या त्या कामाने साडेपाच तासांची झोप हिशेबातून पुसली जाते. विश्रांती सव्वाचारपासून पुन्हा मोजावी लागते आणि कमीत कमी ९ तास धरले तरी रात्री सव्वा वाजेपर्यंत त्याला ट्रकला हात लावता येत नाही. वाहनातील नोंदयंत्र प्रत्येक हालचाल टिपत असते. सुनियोजित दौऱ्यांत यासाठी दिवसा ट्रक हलवणारा स्थानिक चालक वेगळा नेमतात किंवा एका ट्रकवर दोन चालक देतात. खर्च वाचवणाऱ्या दौऱ्यांत याच गोष्टीवर पहिली कात्री चालते. पहाटेच्या महामार्गावर डुलकी लागणारा चालक हा त्या बचतीचा परिणाम असू शकतो.

कार्यक्रमानंतरची भराई मध्यरात्री होते आणि तेव्हा शेजारी झोपलेले असतात. लंडनमध्ये १९८५ पासून १८ टनांहून जड ट्रकना रात्री व शनिवार-रविवारी ठरावीक रस्त्यांखेरीज इतरत्र जाण्यास निर्बंध आहेत. कित्येक सभागृहांच्या परवान्यांत रात्री अमुक वेळेनंतर बाहेर माल हलवू नये अशी अट असते. रहिवाशांची तक्रार रास्तच असते, कारण दगडी रस्त्यावरून चाकांच्या पेट्या ढकलण्याचा आवाज गाण्यापेक्षा कमी नसतो.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटिश ट्रकना संघात माल घेऊन शिरल्यावर पुढे दोनच अधिक फेऱ्या करता येऊ लागल्या. दहा-बारा शहरांच्या दौऱ्याला ही अट जाचक होती, म्हणून काही कंपन्यांनी आपले ताफे युरोपीय देशांत नोंदवले.

== महाराष्ट्रात ==

परदेशी वाद्यवृंदांचे मोठे कार्यक्रम मुंबई परिसरात प्रामुख्याने नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू व जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले यांचे कार्यक्रम तेथे झाले. हे स्टेडियम शीव-पनवेल महामार्गालगत आहे. त्या मानाने मुंबई शहरात जड वाहनांवर दिवसाच्या वेळी निर्बंध असल्याने माल आणणे कठीण जाते.

मात्र ट्रकवर संपूर्ण रंगभूमी लादून गावोगाव फिरण्याची परंपरा महाराष्ट्रात तमाशाच्या फडांनी जोपासली आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे जत्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या लागतात व गावकरी तेथे येऊन सुपारी देतात. हंगाम साधारणतः दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. तंबू, कनाती, रंगमंचाच्या फळ्या, ध्वनिक्षेपक, जनरेटर आणि कपड्यांच्या पेट्या ट्रकमधून जातात व कलावंतही बरोबर प्रवास करतात. येथे मालधक्का नसतो. नांगरलेले रान, ओढ्याकाठची भुसभुशीत माती, शेतावरून खाली झोळ पडलेल्या विजेच्या तारा आणि बैलगाडीच्या रुंदीची पाणंद यांतून ट्रक जत्रेच्या मैदानापर्यंत न्यावा लागतो. कोणत्या वाटेने जावे याचा सल्ला गावातील माणूस देतो. तो सहसा स्वतः ट्रक चालवणारा नसतो, त्यामुळे सल्ला ऐकूनही चालक पायी जाऊन जमीन दाबून पाहतो.

भारतातील मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार २०२५ पर्यंत परिवहन कामगाराचे काम दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांच्या आत असावे लागे. परंतु हा कायदा ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या परिवहन उपक्रमांनाच लागू होता आणि फडाचा ट्रक सहसा त्याच्या कक्षेत येत नसे. वग पहाटेपर्यंत रंगतो, उजाडताना तंबू उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी पुढच्या गावी खुंट्या ठोकल्या जातात.